स्पॅनिश शब्दकार्डांचं अ‍ॅप: आठ महिने वापरलं, भांडण एका 'टाइम'वरून

मागच्या रविवारी अपडेट आलं आणि मी स्वतः बनवलेली सगळी कार्डं उडाली, १४० च्या आसपास होती, म्हणून हे लिहायला बसलेय. वर्षाचे १८०० रुपये एकदम भरलेत. रोजची कार्डं, आठवण, गुण वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडते.

माझा राग एकाच कार्डावर. पुढे इंग्लिश 'टाइम', मागे 'तिएम्पो', संपलं. दोन महिने तेच घोकलं. मग क्लासमध्ये 'तीन वेळा फोन केला' लिहायचं होतं, मी 'त्रेस तिएम्पोस' लिहिलं, बाईंनी लाल पेनाने गोल केला आणि वर लिहिलं 'बेसेस'. पुढच्या आठवड्यात किती वाजले विचारताना परत तिएम्पोच आलं तोंडात. तिथे लागतो 'ओरा', के ओरा एस. तिएम्पो घालून विचारायला गेलं तर प्रश्न हवेचा होतो, कारण त्यांच्याकडे ऊन-पावसालाही तिएम्पोच म्हणतात.

घरी येताना बसमध्ये डोक्यात आलं, अरे, हे तर आपल्याकडे आहेच! 'माझा वेळ गेला' आणि 'जेवायची वेळ झाली'. तो वेळ म्हणजे जातो तो, ती वेळ म्हणजे घड्याळातली. स्पॅनिशमध्येही एल तिएम्पो पुल्लिंगी, ला ओरा स्त्रीलिंगी. आणि 'कितीदा'ची वेळ म्हणजे बेस, तीन वेळा त्रेस बेसेस, कधीकधी म्हणजे आ बेसेस, परत एकदा म्हणजे ओत्रा बेस. पाढ्यात इंग्लिशवाले टाइम्स म्हणतात तिथे नुसतं 'पोर', त्रेस पोर कुआत्रो, तीन चोक बारा. लहानपणापासून बोलतेय तो फरक मी इंग्लिशमधून शिकायला गेले आणि तिथेच तो पुसला गेला, याचं खरंच वाईट वाटलं.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, भाषांतर बरोबर आहे. बरोबर आहे हो, पण पाव हिस्साच आहे!

तरी चौथ्या महिन्यात माझं मत बदललं होतं, तेही सांगायला पाहिजे. आपली कार्डं आपण बनवायची सोय सापडली आणि मी 'टाइम' काढून टाकून मराठीतून तीन कार्डं केली, तो वेळ, ती वेळ, वेळा. त्यानंतर एकदाही चुकले नाही. मग 'गेट', 'टेक', 'रन' सगळ्यांची तशीच केली. नळ चालू म्हणजे वेगळं, मशीन चालतं म्हणजे फुन्सिओनार, माणूस पळतो म्हणजे कोरेर. आवाजही फार छान आहेत, ओराच्या स्पेलिंगमधला एच मुका, हे कानानेच कळतं.

आणि नेमकी तीच कार्डं गेली. म्हणे बॅकअप सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा असतो. कुठे लिहिलंय? पैसे परत मागितले, नाही म्हणाले. तीन मेल झाले.

घ्यायचंच असेल तर महिन्याचं घ्या, वर्षाचं अजिबात नको, आणि पहिल्याच दिवशी बॅकअप चालू करा. रेआल अकादेमिया या स्पेनच्या भाषासंस्थेचा कोश नेटवर फुकट आहे, सगळा स्पॅनिशमध्ये आहे पण थोडं यायला लागलं की पुरतो. मी आता चाळीस पानी वही घेतलीये, वीस रुपयांची, पहिल्या पानावर तीन ओळी आहेत, तो वेळ, ती वेळ, वेळा. बाकीची १३७ आठवतील तशी लिहितेय.