खर्जाची तार आणि कोटा फरशी : बुकशेल्फ स्पीकर, दिवाळी ते श्रावण

दिवाळीला बसवलेल्या जोडीने आता श्रावण पाहिला. इंदूरची थंडी, मे महिन्यातला कूलर आणि पावसाळ्याची ओल असं सगळं होऊन गेल्यावरच लिहायचं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळेच स्पीकर छान वाजतात.

जोडी अशी : साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा), रबरी कडा, एक इंची कापडी डोमचा ट्विटर (वरचे सूर वाजवणारा), पोर्ट (पेटीतल्या हवेला वाट देणारं भोक) समोर, पेटी ३७ सेंमी उंच आणि २७ सेंमी खोल, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ६ ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर निघणारा आवाज) ८७ डेसिबल (डीबी). कंपनीचं नाव मुद्दाम गाळलंय. मॉडेलं बदलत राहतात, दुकानात कामाला येतात ते हे आकडे. अँप्लिफायर ५० वॅटचा. खोली रामबागेकडच्या जुन्या घरांत असते तशी : १० × १२ फूट, छतही १० फुटांवर, खाली कोटा फरशी, एका भिंतीत सिमेंटचं शोकेस.

चार इंची, सव्वापाच इंची की साडेसहा इंची, हा प्रश्न आधी सोडवावा, आणि तो आपण काय ऐकतो त्यावरून सोडवावा. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा ‘सा’, हार्मोनियमच्या काळी एकवर धरली तर मध्य षड्ज (मधल्या सप्तकातला सा) १३८.६ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ वर. चार इंची वूफर बहुधा ७५-८० हर्ट्झच्या खाली दम सोडतो. तानपुरा तरीही ऐकू येतो, कारण त्यात मूळ स्वरापेक्षा वरचे उपस्वर बलवान असतात आणि खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. फसतो तो डग्गा, तबल्याच्या जोडीतला खर्जाचा. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढताना तळहात दाबल्यावर स्वर जिथून वर चढतो, ती सुरुवातच छोट्या पेटीत नसते; नुसती ‘टुप’ राहते. उस्ताद अमीर खाँसाहेबांची झुमरा तालातली अतिविलंबित (अगदी संथ लयीतली) बढत रात्री हळू आवाजात ऐकायची असेल, तर मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) आवाजाला वजन हवं. साडेसहा इंचीने ते नऊ महिने दिलं. माहितीपत्रकातला ‘५० हर्ट्झपासून’ मात्र तसाच खरा धरू नये. तो आकडा उणे ३ डीबीचा (आवाज थोडाच उतरलेला) की उणे १० चा (बराच पडलेला), ते शेजारी लिहिलेलं नसेल तर तो जाहिरातीचा.

मोठ्या वूफरची किंमत खोली वसूल करते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जो सूर अडकून घुमतो, तो काढायला ५६३ ला फुटांतल्या अंतराने भागायचं. १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६. इथे रुंदी आणि उंची दोन्ही १०, म्हणजे ५६ वर दोन घुमे एकमेकांवर चढतात आणि त्यांची दुप्पट ११२ नेमकी डग्ग्याच्या वाटेत येते. यावर महाग केबल उपाय नाही, अंड्यांचे ट्रे तर नाहीतच. ते बास अडवत नाहीत, फक्त धूळ धरतात. उपाय एकच, जागा बदलत राहणं. ऐकणाऱ्याची पाठ मागच्या भिंतीला टेकली की बास फुगतो. दिवाण भिंतीपासून पुढे ओढून डोकं भिंतीपासून चार फुटांवर आणलं, तेव्हा निम्मं काम झालं. (घरातली बाकी मंडळी या चार फुटांबद्दल काय म्हणतात, तो भाग तांत्रिक नाही.)

पोर्टबद्दल एक गैरसमज फार पसरलाय : पोर्ट समोर असला की पेटी भिंतीला चिकटवली तरी चालते. अर्धंच खरं. मागचा पोर्ट भिंतीला टेकवला तर हवा कोंडते, म्हणून केईएफ कंपनीच्या क्यू१५० सारख्या मागे पोर्ट असलेल्या पेटीला मागे जागा लागते. पण भिंत जवळ आल्याने बास वाढतो तो पोर्टमुळे नव्हे, भिंतीमुळेच. तो समोरच्या पोर्टलाही वाढतो आणि पोर्टच नसलेल्या बंद पेटीलाही. समोरच्या पोर्टने इथे एवढंच साधलं की पेटीच्या मागे २० सेंमीत भागलं.

या बसवण्यात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो पुढच्या चुकीने. सुरुवातीला वूफर मागच्या भिंतीपासून दोन फूट आणि बाजूच्या भिंतीपासूनही दोन फूट, असं सुबक मोजून ठेवलं होतं. भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला उलटा येऊन भेटतो आणि त्याला खातो, तिथे खड्डा पडतो. ती वारंवारता निघते ३४३ ला मीटरमधल्या अंतराच्या चौपटीने भागून. ६० सेंमीला १४३ हर्ट्झ. दोन्ही भिंतींचा खड्डा एकाच जागी पडला, आणि जागा कुठली, तर काळी एकच्या षड्जाशेजारची! गायक षड्जावर आला की आवाज पातळ, गंधारावर गेला की पुन्हा भरदार. पंधरा दिवस दोष अँपला दिला जात होता. शेवटी मागच्या भिंतीपासून वूफर ४६ सेंमीवर आणि बाजूच्या भिंतीपासून ६६ सेंमीवर आणला. खड्डे १८६ आणि १३० वर विखुरले, दोन्ही उथळ झाले, षड्ज जागेवर बसला. फरशीवरून येणारा परतावाही असतो, म्हणून वूफरची फरशीपासूनची उंचीही या दोन अंतरांहून वेगळी ठेवावी. इथे ती ७२ सेंमी आहे. दोन पेट्यांमध्ये १७३ सेंमी, प्रत्येक पेटीपासून कानापर्यंत २१० सेंमी, आणि पेट्या आत इतक्याच वळवलेल्या की बसल्यावर आतली बाजू जेमतेम दिसते.

स्टँड विकत घेण्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावेत. तीन इंची चौकोनी लोखंडी पाइप, खाली ८ मिमी जाडीची ३० × ३५ सेंमी पट्टी, वर ५ मिमीची. उंची ६० सेंमी, म्हणजे दिवाणावर बसलेल्याच्या कानाशी ट्विटर येतो. खाली गादीवर लोडाला टेकून ऐकणाऱ्यांनी ४८ सांगावी. पाइपच्या वरच्या तोंडाला झाकण ठेवून त्यात नर्मदेची रेती भरायची. एका पाइपात साधारण साडेचार किलो बसते. रेती चाळून कढईत कोरडी भाजून घ्यावी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाइप आतून गंजतो. रिकामा पाइप टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजतो, भरलेला नुसता ‘ठक’ करतो. पेटी आणि पट्टीमध्ये चिकट पुट्टीच्या चार गोळ्या, हरभऱ्याएवढ्या. खालचे टोकदार पाय कोटा फरशीवर ओरखडे काढतात. प्रत्येकाखाली रुपयाचं नाणं सरकवलं की झालं.

शोकेसमध्येच ठेवायची वेळ आली, तर पेटीचं तोंड कप्प्याच्या कडेशी एका रेषेत आणा, बाजूच्या पोकळीत जुनी पुस्तकं नाहीतर गोधडी कोंबा आणि पोर्टला स्पंजचं बूच लावा. आडवी मात्र ठेवू नका. ट्विटर आणि वूफर शेजारी आले की डोकं जरा हललं तरी सूर बदलतो.

पॉवरबद्दल थोडक्यात. ८७ डीबी हा आकडा २.८३ व्होल्टला मोजतात. ८ ओहममध्ये ते १ वॅट होतं, ६ ओहममध्ये सुमारे १.३३. या खोलीत सरासरी ७५ डीबीने ऐकताना एक वॅटही लागत नाही, वर २० डीबीची उसळी धरली तरी प्रत्येक बाजूला १३-१४ वॅट. कुमारजींची (कुमार गंधर्वांची) अचानक उठणारी फेक ५० वॅटमध्ये आरामात मावते. बीबीसीने घडवलेल्या एलएस३/५ए सारख्या ८३ डीबीच्या बंद पेटीला तेवढ्याच आवाजासाठी अडीच पट वॅट लागतात. ट्विटर जळतात ते बहुतेक वेळा मोठ्या अँपने नव्हे, छोटा अँप पिळल्याने. आवाज चिरकायला लागला की नॉब मागे.

वायर : पाच मीटरपर्यंत १.५ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची पुरते. इंदूरच्या जेल रोडला ‘स्पीकर वायर’ म्हणून मागितल्यावर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमचीही मिळते. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत द्या. लाल-काळं एका बाजूला उलटं लागलं तर बास नाहीसा होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो. खात्री करायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा : अधिक टोक लालला, उणे काळ्याला, तेव्हा वूफर बाहेर यायला हवा.

उन्हाळ्यात खरी तक्रार निघाली. डाव्या पेटीच्या मागच्या खालच्या कडेचं व्हिनाइल सुटलं, कारण ती कूलरच्या झोतात होती. आतलं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) ओल पिऊन फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. वेळीच सुकवून कडेला फेव्हिकॉल भरला म्हणून निभावलं; आता कूलरचं तोंड दुसरीकडे. शिवाय कूलर चालू असताना तानपुरा ऐकूच येत नाही, त्यामुळे मे-जूनमधलं गंभीर ऐकणं पहाटे, कूलर बंद करून.

पावसाळ्यात एका बाजूचा ट्विटर मध्येच गप्प होऊ लागला. ट्विटर शाबूत होता. मागे चार टर्मिनल असलेल्या पेटीत वरची-खालची जोडी पितळी पट्टीने जोडलेली असते, ती पट्टी काळवंडली होती. पट्ट्या काढून त्याच वायरचे तुकडे लावले, खरखर गेली. वूफरचे स्क्रूही तेव्हाच पाहून घ्यावेत. हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने, चिमूटभर फिरवायचे. ड्रिल मशीन लावलं की एमडीएफमधला आटा गेलाच. डोमवरची धूळ पुसायला जाऊ नका. जाळी लावून ठेवणं पुरे, ऐकताना काढावी.

तबकड्या ऐकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पोर्ट ज्या सुरावर जुळवलेला असतो त्याच्या खाली वूफरला पेटीतल्या हवेचा आधार उरत नाही. वाकडी तबकडी लावली की वूफर आवाज न करता थरथरताना दिसतो. फोनो भागात (तबकडीचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या) सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे खालचे कंप गाळणारा) असेल तर चालू ठेवा, नसेल तर बूच लावून ऐका.

दुकानात दोन जोड्यांची तुलना करताना आवाज आधी समान करून घ्या. जी एक डीबीने मोठी, तीच चांगली वाटते. फोनवरचं मीटर एवढ्या कामाला पुरतं. शोरूमच्या गालिच्यावर जी जोडी जरा कोरडी वाटते, ती कोटा फरशीवर बहुतेक ठीक बसते; तिथेच दणदणीत वाटणारी घरी घुमते.

सुट्टीत गावी जाताना दोन्ही पोर्टना स्पंजचं बूच न विसरता लावावं. पाल शिरते ती निघून तरी जाते. कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलं, तर वूफर उतरवल्याशिवाय ते निघत नाही.