चाळिशीचा चष्मा नको: कॉर्नियात इम्प्लांट बसवावं का?

औषधाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला हात लांब धरावा लागला, की समजायचं चाळिशी लागली. मग कोणीतरी कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, बसवायच्या इम्प्लांटबद्दल सांगतं आणि वर म्हणतं, ‘नकोसं झालं तर काढता येतं.’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय घेऊ नका.

कागदाला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून चष्म्याशिवाय वाचून बघा. अक्षर सुटं दिसतं, पण उजेड कमी पडतो. काम्रा हे इम्प्लांट असंच काम करतं: ३.८ मिलिमीटरची काळी चकती, मधोमध १.६ मिलिमीटरचं छिद्र, तीही एकाच डोळ्यात. संध्याकाळी किंवा रात्री गाडी चालवणाऱ्याने हा कमी उजेड आधी लक्षात घ्यावा. दुसरं रेनड्रॉप, जेमतेम २ मिलिमीटरचं आणि पारदर्शक. ते कॉर्नियाचा मधला भाग किंचित उचलून धरायचं. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१८ मध्ये ते परत मागवावं लागलं, कारण कॉर्निया धुरकट होत होता. चकती काढली तरी हा धुरकटपणा पूर्ण जाईलच असं नाही. काढता येणं आणि डोळा पूर्ववत होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेझरने मोनोव्हिजन केलं तर एक डोळा लांबचं बघतो, दुसरा जवळचं. लेझरने घासलेला कॉर्निया परत येत नाही, हे खरं. पण काँटॅक्ट लेन्स लावून काही दिवस हाच अनुभव आधी घेता येतो. जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकतो का, तेही तेव्हाच कळतं. मला ही सोय फार मोलाची वाटते. मोतीबिंदू धरू लागला असेल, तर मात्र कॉर्नियाला हात न लावता डोळ्यातलं भिंगच बदलण्याबद्दल विचारा.

केराटोकोनसची गोष्ट वेगळी. तिथे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि लेसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवायची शस्त्रक्रिया, सहसा करतच नाहीत. अशा डोळ्यात कमानीच्या आकाराच्या रिंगा बसवल्या, की कॉर्निया थोडा सपाट होतो आणि चष्म्याने किंवा लेन्सने बरं दिसू लागतं. इथे मी इम्प्लांटच्या बाजूने आहे. फक्त रिंगा आजार थांबवत नाहीत, त्यासाठी क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार, करतात. नंबर अजून वाढतोय का, हे आधी तपासून घ्या.