रोगांचं पुस्तक आधी की वर्तनाचं?

गायी-म्हशींच्या कामासाठी दोन जाडजूड ग्रंथ हमखास सुचवले जातात. रोगांसाठी 'व्हेटरनरी मेडिसिन' आणि वर्तनासाठी ब्रूम व फ्रेझर यांचं 'डोमेस्टिक ॲनिमल बिहेवियर अँड वेलफेअर'. खिशाला एकच परवडत असेल, तर आमच्या मते आधी वर्तनाचं घ्या, आणि तेही जुनं चालेल. निरोगी दुभती गाय दिवसाकाठी दहा-बारा तास बसून काढते, सात-आठ तास रवंथ करते. आवृत्ती बदलली म्हणून हे बदलत नाही. ताप चढला की जनावर चारा सोडतं, कळपापासून बाजूला होतं, अंग चाटणं थांबवतं. ही लक्षणं ओळखायची नजर तयार झाली नसेल, तर रोगांची प्रकरणं नुसती पाठ होतात. 2015 ची पाचवी आवृत्ती जुन्या पुस्तकांत मिळाली तर बिनधास्त घ्या.

रोगांच्या बाबतीत मात्र जुनं घेऊ नका. 2007 ची दहावी आवृत्ती स्वस्तात मिळते, पण लम्पी या गाठींच्या त्वचारोगाची भारतातली पहिली नोंदच 2019 ची. शिवाय जुन्या पुस्तकांत दाह आणि तापावर किटोप्रोफेन सर्रास दिलेलं असतं. गिधाडांसाठी घातक म्हणून जनावरांसाठी त्यावर आपल्याकडे 2023 पासून बंदी आहे. मात्रा उतरवून घेण्याआधी हे तपासायलाच हवं. 2017 ची अकरावी आवृत्तीही या दोन्हींच्या आधीचीच, पण ती दोन खंडांत आहे आणि मांडणी अवयवसंस्थांनुसार. जुलाब लागलेलं वासरू समोर असताना थेट पचनसंस्थेचा भाग उघडता येतो. आधी विशिष्ट रोगांचा भाग जिवाणू, विषाणू असा कारणांनुसार होता. म्हणजे निदानाचा अंदाज आल्याशिवाय पान सापडायचं नाही. एवढ्या पैशांची जुळणी होत नसेल, तर मर्कचं पशुवैद्यकीय मॅन्युअल इंटरनेटवर फुकट आहे.

दोन्ही ग्रंथांत उणीव एकच, म्हैस. रोगांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकात गाय, घोडा, मेंढी, डुक्कर, शेळी आहे, म्हैस नाही. गायीचा माज दुसरीला अंगावर चढू देण्यावरून ओळखतात, म्हशीत ते क्वचित दिसतं. मुका माज, म्हणजे बाहेरून सहज न दिसणारा, त्यातही रात्रीचा. त्यासाठी म्हशींवरचं भारतीय पुस्तक वेगळं लागेलच.

झेरॉक्स प्रत मात्र अजिबात नको. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात लम्पीच्या गाठी आणि पित्ताच्या गांध्या सारख्याच दिसतात.