केडम्प: कर्नल कोसळल्यावरही उपकरणांवर नजर हवी

अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. उत्पादनाच्या नोंदी, माल-साठा आणि बिले त्यांवरच चालत असल्यामुळे कर्नल पॅनिक झाल्यावर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबल्यावर, यंत्र नुसते पुन्हा सुरू करून भागत नाही, तर ते का कोसळले हेही शोधावे लागते. २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीसोबत मुख्य कर्नलमध्ये आलेली केडम्पची सोय याच कामासाठी आहे आणि तिच्याविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे.

बूट होतानाच मेमरीचा एक भाग राखून ठेवला जातो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मध्ये ४ ते ६४ जीबी रॅमच्या यंत्रावर तो नेहमीच्या मांडणीत २५६ एमबी असतो. मूळ कर्नल कोसळताच या राखीव भागात आधीच आणून ठेवलेला दुसरा कर्नल बायॉसकडे (यंत्र सुरू होताना हार्डवेअर तयार करणाऱ्या प्रणालीकडे) न जाता थेट सुरू होतो आणि जुन्या कर्नलची मेमरी वाचून डिस्कवर उतरवतो; या नकलेलाच डम्प म्हणतात. बायॉस टाळल्यामुळेच ती मेमरी शाबूत राहते. मात्र त्याच कारणाने उपकरणेही रीसेट होत नाहीत, आणि खरा धोका तिथेच आहे.

नेटवर्क कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितो; यालाच डीएमए म्हणतात. कर्नल कोसळल्याचे कार्डाला कळत नाही, त्यामुळे पॅकेट येईल तसे ते जुन्या बफरमध्ये (त्यासाठी नेमून दिलेल्या मेमरीच्या जागेत) लिहीतच राहते, आणि डम्प काढला जात असतानाच मूळ पुरावा बदलत जातो. राखीव भाग जुन्या कर्नलने कोणत्याही उपकरणाला दिलेला नसल्याने नवा कर्नल सहसा सुरक्षित राहतो. परंतु ज्या बिघडलेल्या ड्रायव्हरमुळे (उपकरण चालवणाऱ्या कर्नलमधील प्रोग्राममुळे) पॅनिक झाले, त्यानेच कार्डाला चुकीचा पत्ता दिलेला असेल, तर हा भरवसा फार पातळ ठरतो.

येथे आयओएमएमयूचे, म्हणजे उपकरणे आणि मेमरी यांच्यामध्ये बसून पत्ते तपासणाऱ्या हार्डवेअरचे, महत्त्व कळते. उपकरणाला मेमरीच्या कोणत्या भागात जाता येईल, हे त्यातील तक्ते ठरवतात. वेग वाढावा म्हणून अनेक जण पासथ्रू पद्धत (उपकरणाला ही तपासणी न करता थेट मेमरीत जाऊ देणे) निवडतात. तशा मांडणीत ही राखण राहत नाही आणि कार्ड राखीव भागातही लिहू शकते. दुसरीकडे, नव्या कर्नलने सुरू होताच रिकामे तक्ते बसवले, तर चालू डीएमए अडतो, उपकरण चुकीच्या स्थितीत जाते आणि कधीकधी पुन्हा सुरूच होत नाही. म्हणून जुन्या कर्नलचे तक्ते उतरवून घ्यायचे आणि ड्रायव्हर उपकरण स्वतः ताब्यात घेईपर्यंत तेच चालू ठेवायचे, असा उपाय काढण्यात आला. इंटेलच्या व्हीटी-डी या आयओएमएमयूसाठी तो कर्नलच्या ४.२ आवृत्तीत (२०१५) आणि एएमडीच्या आयओएमएमयूसाठी ४.१४ मध्ये (२०१७) आला. जुन्या कर्नलवर अडकलेल्या सर्व्हरवर केडम्पवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला खटकते ती चाचणीची रूढ पद्धत. निवांत यंत्रावर सिसआरक्यूने (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीने) मुद्दाम कर्नल पाडला की डम्प हमखास मिळतो, कारण त्या वेळी डीएमए जवळजवळ नसतोच. नेटवर्कवरून मोठा बॅकअप चालू असताना कर्नल पाडून पाहावा. आमच्या एका सर्व्हरवर अशाच चाचणीत नेटवर्क कार्ड नव्या कर्नलमध्ये सुरू झाले नाही, त्यामुळे एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या यंत्राच्या साठ्यावर) डम्प पोहोचला नाही; स्थानिक डिस्कवर मात्र तो नीट उतरला. तेव्हापासून डम्प आधी स्थानिक डिस्कवर उतरवण्याची मांडणी आम्ही ठेवली आहे.

डम्पची फाइल लहान करणाऱ्या मेकडम्पफाइल या साधनाला ३१ ही पातळी दिली की मेमरीची शून्यांनी भरलेली, कॅशची, मोकळी आणि वापरकर्त्यांच्या प्रक्रियांची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) वगळली जातात व फाइल पुष्कळ लहान होते. तरीही कर्नलच्या मेमरीतील डिस्क एन्क्रिप्शनच्या किल्ल्या तिच्यात राहू शकतात. त्यामुळे ही फाइल फक्त रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) वाचता येईल अशी ठेवावी आणि बाहेरच्या तंत्रज्ञाकडे देण्यापूर्वी मालकांची लेखी परवानगी घ्यावी.