साथीच्या दिवसांत थीम पार्क: कोरडा, ओला की बर्फाचा?

मुलांनी सुट्टीत थीम पार्कचा धोशा लावलाय, बातम्यांत रुग्णसंख्या चढतेय आणि घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत. जावं का असं चारचौघांत विचारलं, तर कुणी पार्कचं नाव ऐकून हो म्हणतं, कुणी नाही. खरं तर एका तिकिटावर तुम्ही दिवसभरात दहा-बारा वेगवेगळ्या जागांच्या हवेत श्वास घेता: उन्हातली रांग, अंधारी बंद खोली, वातानुकूलित फूड कोर्ट, कपडे बदलायची खोली, येण्याजाण्याची बस. कोविडसारख्या श्वासातून पसरणाऱ्या साथीत आधी या जागांची तुलना करायची, पार्कांची नंतर.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं उदाहरण सोयीचं आहे, कारण तिथे थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत.

उघडी राइड आणि बंद राइड

इमॅजिकातला नायट्रो हा रोलर कोस्टर पूर्ण उघड्यावर धावतो, तर डीप स्पेस बंद इमारतीत, काळोखात. पोटात गोळा दोन्हीकडे येतो, पण हवेच्या हिशेबात दोन्ही दोन टोकांना. कोविडच्या पहिल्या वर्षातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नोंदलेल्या संसर्गांपैकी दहा टक्क्यांहून कमी उघड्यावर झालेले दिसले आणि बंद जागेत संसर्ग होण्याची शक्यता सुमारे १८.७ पट निघाली. या आकड्यातली अनिश्चितता मोठी आहे, सहा पटींपासून जवळपास साठ पटींपर्यंत. म्हणून १८.७ला चिकटून बसू नका, दिशा तेवढी लक्षात ठेवा.

कारण साधं आहे. बोलताना, ओरडताना तोंडातून उडालेले बारीक कण उघड्यावर वाऱ्याने काही क्षणांत विरतात. बंद खोलीत ते तरंगत राहतात, आणि तुमच्या आधी बाहेर पडलेल्या गटाने सोडलेली हवा तुमच्या वाट्याला येते. सहा फुटांवरच्या पिवळ्या पट्ट्या इथे फारशा कामाच्या नाहीत, अंतर राखलं तरी हवा सामायिकच राहते.

बंद राइडमध्येही सगळ्यात वाईट जागा बहुतेक वेळा राइडच्या आधी येते. गाडीत बसण्यापूर्वी वीस-चाळीस जणांना एका खोलीत घेतात, दार लावतात, पडद्यावर गोष्ट सांगतात. राइड चार मिनिटांची आणि ही खोली आठ मिनिटांची, तीही खांद्याला खांदा लावून. आत शिरताना विचारा की ही खोली टाळून थेट गाडीत बसता येईल का. साथीच्या काळात अनेक पार्कांनी या खोल्या स्वतःहून बंद ठेवल्या होत्या, त्यामुळे मागणी काही जगावेगळी नाही.

ओरडण्याबद्दल जपानचं बघा. मे २०२०मध्ये तिथल्या थीम पार्क संघटनांनी पाहुण्यांना कोस्टरवर न किंचाळण्याची विनंती केली. फुजी-क्यू हायलँडने तर दोन अधिकारी मास्क आणि कोट घालून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता कोस्टरवर बसलेले दाखवले आणि खाली सूचना दिली: मनातल्या मनात किंचाळा. लोक हसले, पण सूचनेत शास्त्र होतं. आवाज चढला की तोंडातून कणही जास्त बाहेर पडतात. उघड्या कोस्टरवर दोन मिनिटांच्या किंचाळीने फार बिघडत नाही, भुताच्या बंद घरात बिघडतं.

हवा मोजायची असेल तर कार्बन डायऑक्साइडचा खिशात मावणारा मीटर न्या. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतो. आत ८००च्या खाली असेल तर हवा चांगली खेळते आहे. सतत १,५००च्या वर राहिला तर ती जागा सोडा. मीटर विषाणू मोजत नाही, दुसऱ्यांनी सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय एवढंच सांगतो, आणि आपल्याला तेवढं पुरतं. मीटरला हवा बदलल्याचं कळायला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून दारातच आकडा वाचून निष्कर्ष काढू नका. बंद पिशवीत किंवा तोंडासमोर धरला तर तो तुमचाच श्वास मोजेल.

पाणी: भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

ऑक्टोबर २०२१मध्ये महाराष्ट्रात करमणूक पार्कांना परवानगी मिळाली ती कोरड्या राइडपुरती. पाण्यातल्या राइड बंदच राहिल्या. त्यावरून पाण्यातून कोविड पसरतो अशी समजूत अनेकांच्या मनात घट्ट झाली. नीट सांभाळलेल्या तलावाच्या पाण्याबाबत ती चुकीची आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०२१मध्ये केलेल्या चाचणीत लिटरमागे दीड मिलिग्रॅम (म्हणजे दीड पीपीएम) मुक्त, अजून खर्ची न पडलेलं क्लोरीन आणि ७ ते ७.२ पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) असलेल्या पाण्यात विषाणूची संसर्गक्षमता ३० सेकंदांत हजार पटींहून अधिक घटली.

वॉटर पार्कमधला धोका पाण्याबाहेर आहे. पाण्यात मास्क घालता येत नाही, घालूही नये, कारण ओल्या मास्कमधून श्वास घेणं अवघड होतं. म्हणजे दिवसभर तोंड उघडं. लाटांच्या तलावात भोंगा वाजला की सगळं पार्क तिथे धावतं आणि माणसं हातभर अंतरावर ओरडत उभी राहतात. आणि कपडे बदलायची खोली! ओली, कोंदट, बहुधा खिडक्या नसलेली आणि संध्याकाळी पाच वाजता खचाखच भरलेली. पोहण्याचे कपडे घरूनच आत घालून या. निघताना बंद व्हायच्या वेळेच्या तासभर आधी निघा, किंवा अंग पुसून, गाडीच्या सीटवर टॉवेल टाकून तसेच घर गाठा.

पाणी तपासायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ हवा. पीएच वर गेला की तेवढंच क्लोरीन कमी काम करतं, म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. डोळे चुरचुरतात, क्लोरीनचा भपकारा येतो, म्हणजे पाणी स्वच्छ आहे असं अनेकांना वाटतं. तो वास बहुतेक वेळा घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. पाणी थकल्याची ती खूण. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी १ पीपीएम क्लोरीनमध्येही सात दिवसांहून जास्त तग धरतो. तेव्हा पोट बिघडलेलं मूल साथ असो नसो, पाण्यात उतरवू नका.

कोरडं आणि ओलं यांत निवडायचं तर: लहान गट, आडवार, उघड्या घसरगुंड्या आणि कपड्यांची खोली टाळायची तयारी असेल तर वॉटर पार्क कोरड्या पार्काच्या बरोबरीने सुरक्षित ठरतो. रविवारी, लाटांच्या तलावासाठीच जायचं असेल तर कोरडं पार्क बरं.

स्नो पार्क

लाट चढती असताना नकोच. थंडावा टिकवायला अशा जागांमध्ये बाहेरची हवा शक्य तितकी कमी घेतात, तीच हवा थंड करून फिरवतात, आणि आत माणसं नाचतात, ओरडतात. लोक घाबरतात ते भाड्याच्या जॅकेटला आणि बुटांना. त्यांच्यासाठी हात धुतले की पुरे.

दिवसाचा हिशेब मांडून बघा

नऊ तासांच्या सहलीत प्रत्यक्ष राइडवर माणूस अर्धा-पाऊण तास असतो. उरलेलं रांगेत, जेवणात, चालण्यात जातं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने निकट संपर्काची व्याख्या केली ती सहा फुटांच्या आत, २४ तासांत मिळून १५ मिनिटं. तुकड्या-तुकड्यांची बेरीज करायची. या हिशेबात कोस्टर मागे राहतो आणि पहिला नंबर लागतो फूड कोर्टाचा: बंद हवा, दीड वाजताची गर्दी, पाऊण तास मास्क उतरलेला आणि शेजारच्या टेबलावर मोठ्याने गप्पा. साडेअकराला किंवा तीननंतर जेवा, बाहेरच्या बाकावर. बरीच पार्कं बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. हातावर शिक्का मारून गाडीपाशी जाऊन डबा खाऊन परत येता येईल का, हे तिकीट काढण्याआधी फोनवर विचारून घ्या.

हातात काहीतरी खायला ठेवून दिवसभर मास्क उतरवायची युक्ती फ्लोरिडातल्या डिस्नी पार्कांच्या पाहुण्यांनी काढली होती. जुलै २०२०मध्ये पार्क उघडून आठवडा होतो न होतो तोच डिस्नीने नियम बदलला: खायचं-प्यायचं ते एका जागी थांबून, इतरांपासून अंतर ठेवूनच.

दुसरा नंबर प्रवासाचा. मुंबई किंवा पुण्याहून सोसायटीची वातानुकूलित बस केली तर जाऊन-येऊन चार तास चाळीस जणांसोबत बंद डब्यात. त्यात अंताक्षरी. पार्कात दिवसभर घेतलेली काळजी त्या परतीच्या प्रवासात पाण्यात जाते. दोन कुटुंबं दोन गाड्यांतून जाणं महाग पडतं, पण सगळ्या खर्चांत हाच सर्वाधिक उपयोगी. गाडीत हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण बंद ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन काचा दोन बोटं उघडा, हवा तिरकी वाहते.

फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, शांघाय

परदेशात राहणारे किंवा सुट्टीला तिकडे जाणारे ही तुलना नक्की करतात, म्हणून थोडं विस्ताराने. कंपनी एकच, डिस्नी, पण तीन सरकारांनी तीन वाटा धरल्या.

फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ११ जुलै २०२० रोजी उघडलं. दुसऱ्या दिवशी राज्याने १५,२९९ नवे रुग्ण जाहीर केले. पार्कात सुरुवातीला क्षमतेच्या २५ टक्केच माणसं, दोन वर्षांवरील सर्वांना मास्क, दारात तापमापक. ऑक्टोबरपर्यंत पाहुण्यांमध्ये मोठा उद्रेक झाल्याचं स्थानिक आरोग्य यंत्रणेला आढळलं नव्हतं. हा दिलासा खरा, पण अर्धा. पाहुणे चार दिवसांनी आपापल्या राज्यांत परततात आणि तिथे आजारी पडले तर धागा पार्कापर्यंत पोचणं कठीण. तापमापकाचं म्हणाल तर लक्षणं नसलेला रुग्ण त्याच्यासमोरून हसत आत जातो.

कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १४ मार्च २०२०ला बंद झालं ते ३० एप्रिल २०२१लाच उघडलं, तेही आधी फक्त राज्यातल्या रहिवाशांसाठी. मधल्या काळात तिथल्या वाहनतळावर लसीकरण केंद्र चाललं. राज्याने जिल्ह्याच्या साथीच्या पातळीनुसार १५, २५ किंवा ३५ टक्के अशी गर्दीची मर्यादा बांधली होती. बाहेरची साथ वाढली की आतली गर्दी कमी करायची, ही पद्धत तिघांत जास्त समजूतदार वाटते.

शांघायमध्ये पार्क लवकर, ११ मे २०२०लाच, उघडलं. तिथला धोका निराळा होता. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी एका बाधित पाहुणीचा माग लागला आणि दारं बंद करून सुमारे ३४ हजार लोकांची चाचणी केल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. सगळे निगेटिव्ह निघाले, पण घरी पोचायला मध्यरात्र उलटली. वर्षभराने पुन्हा तसंच झालं. कडक नियमांच्या देशात जाताना रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आणि फोनची पॉवर बँक पिशवीत हवीच.

पार्कात साथ पसरत नाही असं कुणी ठामपणे सांगितलं तर त्यांना गोवराची आठवण द्या. १७ ते २० डिसेंबर २०१४ या चार दिवसांत कॅलिफोर्नियातल्या डिस्नी पार्कांत लागण झाली आणि ८ फेब्रुवारी २०१५पर्यंत अमेरिकेत १२५ रुग्ण नोंदले गेले. त्यातले ११० कॅलिफोर्नियाचे आणि त्यांपैकी ४९ जणांनी लस घेतलेली नव्हती. गोवर कोविडपेक्षा फार वेगाने पसरतो. तेव्हा कुठली साथ चालू आहे आणि घरात कुणाच्या लसी झाल्यात, हे पार्कच्या नियमावलीआधी बघायचं.

मास्क आणि नंतरचे पाच दिवस

कोस्टरवर कानात अडकवायचा मास्क उडतो. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा एन-९५ टिकतो. माणशी तीन मास्क घ्या, झिपच्या वेगवेगळ्या पिशव्यांत: घामाने किंवा पाण्याने भिजला की बदलायचा, वाळवून पुन्हा लावायचा नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावूच नका, त्यांच्यासाठी बंद राइड वगळणं हाच उपाय.

आजोबांना सोबत न्यायचं नाही असं ठरवून लोक निश्चिंत होतात आणि रात्री परतल्यावर त्यांच्या शेजारी बसून फोटो दाखवतात. ओमिक्रॉनमध्ये लक्षणं यायला साधारण तीन दिवस लागत. सहलीनंतर पाच दिवस त्यांच्यासोबत जेवण वेगळ्या वेळी, घरात मास्क, खिडक्या उघड्या. घरगुती अँटिजेन चाचणी तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी करा. दुसऱ्या दिवशी केलेली एकच चाचणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं समजणं ही नेहमीची चूक. एवढं पाळणं घरात शक्य नसेल, खोल्या दोनच असतील, तर सहल पुढे ढकला.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२०मध्ये निर्बंध सैल करायला एक खूण दिली होती: चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण सलग १४ दिवस पाच टक्क्यांखाली. तुमच्या आणि पार्कच्या, दोन्ही जिल्ह्यांत ते त्याखाली असेल तर वरची काळजी घेऊन कोरडं पार्क करायला हरकत नाही. पाच ते दहाच्या मध्ये असेल तर फक्त उघड्या राइड, आडवार, स्वतःची गाडी. दहाच्या वर गेलं की आमच्या मते नाहीच. म्हणून तिकीट काढताना सवलतीच्या आकड्याआधी तारीख बदलता येते का ते वाचा. सगळ्यात स्वस्त तिकिटावर बहुधा ती सोय नसते, आणि पैसे बुडतील म्हणून अंगात कणकण असतानाही निघालेली माणसंच तुमच्या पुढे रांगेत उभी असतात.