घड्याळातला छुपा कॅमेरा : गोदामातील चोरी पकडण्यासाठी नऊ दिवसांचा वापर

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान आहे. पुढे काउंटर, मागे गोदाम, वर पोटमाळा आणि कामाला सहा माणसे. गेल्या दिवाळीनंतर माल मोजला तेव्हा दीड एमएम वायरची ९० मीटरची ११ बंडले आणि ४१ एमसीबी (जादा भार आला की आपोआप वीज तोडणारे स्विच) हिशेबापेक्षा कमी भरले. पाचपंचवीस रुपयांची चूक सोडून देता येते. ही तूट तीस हजारांच्या घरात जात होती. शिवाय मागच्या दाराला त्या काळात बाहेरून कुलूप असे, त्यामुळे माल गेला तो आमच्या डोळ्यांसमोरून पुढच्या दाराने गेला, हे उघड होते. नात्यातल्या दोघातिघांनी एकच सल्ला दिला की छुपा कॅमेरा लावा, चोर आपोआप सापडेल. मी ऑनलाइन ४,२०० रुपयांना भिंतीवरच्या घड्याळात बसवलेला कॅमेरा मागवला. ज्या दुकानदारांच्या मनात हाच विचार घोळत असेल, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. विकणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी घड्याळे वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून विकली जातात आणि माझे म्हणणे एका नावापुरते नाही.

घड्याळ दिसायला साधे आहे: काळी कड, पांढरी तबकडी. बाराच्या आकड्याखाली मोहरीएवढे छिद्र असून त्यामागे भिंग आहे, आणि ते ठाऊक नसलेल्या माणसाला तीन फुटांवरूनही जाणवत नाही. इथपर्यंत जाहिरात खरी आहे. बॅटरी दहा तास चालते असे खोक्यावर छापले होते. आमच्याकडे ती साडेतीन तासांत संपली. मग अडॅप्टरची वायर जोडणे भाग पडले, आणि तिथेच लपवाछपवीचे सोंग अर्धे उघडे पडले. भिंतीवरच्या घड्याळातून प्लगपर्यंत लोंबणारी वायर इलेक्ट्रिकलच्या दुकानात कोणाच्या नजरेतून सुटणार? मी ती केसिंग पट्टीत घातली, रंग लावला, तरी पाहणाऱ्याला ती नवी पट्टी दिसतच होती.

हालचाल झाली की चित्रण सुरू होण्याची सोय मी पहिले दोन दिवस वापरली. पहिल्या रात्री कार्ड काढून लॅपटॉपला लावले तर चारशेहून अधिक क्लिपा निघाल्या, आणि पाहत गेलो तसे कळले की पंख्याच्या वाऱ्याने समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर फडफडले की कॅमेरा जागा होत होता. कॅलेंडर काढले, तर सुतळीवर टांगलेल्या होल्डरच्या माळा हलू लागल्या. शेवटी सलग चित्रण सुरू केले. तसे केल्यावर १२८ जीबीचे कार्ड सुमारे ३५ तासांत भरते आणि नवे चित्रण सर्वांत जुन्यावर चढू लागते. दुकान रोज अकरा तास उघडे असते, म्हणजे दर तिसऱ्या रात्री शिडी लावून कार्ड काढणे आले. ज्या वस्तूने गुपचूप काम करावे अशी अपेक्षा, तिच्यासाठी मालकानेच रात्री शटर ओढून शिडीवर चढायचे, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

याहून मोठा दोष उंचीचा आहे. घड्याळ माणसाच्या डोक्याच्या वर असते आणि भिंग समोर रोखलेले असते. आठ फुटांवर टांगलेल्या घड्याळातून समोरच्या फळ्या उत्तम दिसतात, पण जवळून जाणाऱ्या माणसाची टाळू आणि खांदे तेवढे दिसतात. घड्याळाची वरची कड भिंतीपासून पुढे यावी म्हणून मागे लाकडी पाचर ठोकून पाहिली, तर तबकडी उघडच कललेली दिसू लागली. रात्रीच्या चित्रणाबद्दल एकच सांगतो: गोदामातला दिवा मालवल्यावर पडद्यावर करड्या धुक्याशिवाय काही उरत नाही.

आता जे सापडले त्याविषयी. सातव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, एका ठेकेदाराच्या हाताखालचा मुलगा वायर घ्यायला थेट गोदामात शिरला. घाईच्या वेळी ओळखीच्या वायरमनांना आत जाऊ देण्याची आमची जुनी सवय आहे, आणि ती चूक माझीच. चित्रात तो दोन बंडले खांद्यावर घेतो, क्षणभर थांबतो, दाराकडे पाहतो आणि तिसरे बंडल पोत्यात सरकवतो. आमचा काउंटरवरचा मुलगा त्या वेळी फोनवर कोणाला तरी भाव सांगत होता. चेहरा कुठेही स्पष्ट नाही. अंगात वायर कंपनीने वाटलेला टी-शर्ट, जो पेठेत निम्म्या वायरमनांच्या अंगावर असतो. वर चित्रावरची तारीख १ जानेवारी आणि वेळ पहाटे दोनची, कारण त्या दुपारी बराच वेळ वीज गेली, बॅटरी संपली आणि आतले घड्याळ मूळ तारखेवर परतले. अखेर माणूस ओळखता आला तो आमच्या चलनावरून: वीज आल्यानंतरची बिले एकेक करून चित्रणाशी जुळवली, तेव्हा दोन बंडलांचे चलन कोणाच्या नावे फाडले होते ते कळले. ठेकेदाराला बोलावून क्लिप दाखवली आणि त्याने त्या एका बंडलाचे पैसे दिले. मोजणीत आधीच कमी भरलेल्या अकरा बंडलांबद्दल काहीही सिद्ध झालेले नाही.

एमसीबींचा उलगडा तर कॅमेऱ्याशिवायच झाला. आमच्याकडे येणाऱ्या सिंगल पोल एमसीबीच्या खोक्यात १२ नग असतात. मोजणीला बसवलेल्या नव्या मुलाने १८ बंद खोकी प्रत्येकी १० धरून लिहिली होती. म्हणजे ४१ पैकी ३६ नग फळीवरच होते आणि चोरी झाली ती कागदावर. मोजणी पुन्हा करण्याआधी मी माणसांवर नजर ठेवायला निघालो, याची मला आजही खंत वाटते.

या नऊ दिवसांत मी जे पाहिले आणि ऐकले, त्यातले बहुतेक पाहण्याऐकण्याचा मला अधिकार नव्हता. या घड्याळात आवाजाचे ध्वनिमुद्रणही होते, ते आधीपासून चालू होते आणि ते बंद करण्याची खूण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिली होती. दुपारी डबा खाताना एक जण बायकोशी फोनवर मुलीच्या फीबद्दल बोलत होता, पतसंस्थेच्या हप्त्याबद्दल बोलत होता, आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडे उचल मागावी की नको याचा विचार करत होता. मी आवाज बंद केला, पण ऐकलेले विसरता येत नाही. त्याने उचल मागितली तेव्हा मी ती लगेच दिली, आणि देताना त्याच्याकडे नीट पाहू शकलो नाही.

आमच्याकडे २२ वर्षे काम करणारे काका आहेत. दुकानातल्या घड्याळांचे सेल बदलणे, दर सोमवारी वेळ जुळवणे, ही कामे त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतलेली. नवे घड्याळ रोज दोन मिनिटे मागे पडत असे, म्हणून ते स्टुलावर चढले आणि त्यांना ते छिद्र दिसले. मला ते काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी निघताना त्यांनी डब्याची पिशवी माझ्यासमोर काउंटरवर ठेवली, डबा बाहेर काढला, पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाले, “मालक, बघून घ्या.” पुढचे चार दिवस ते रोज असेच करत राहिले. पाचव्या दिवशी मी सगळ्यांना बोलावून कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली, घड्याळ उतरवले आणि काकांची सर्वांदेखत माफी मागितली.

कायद्याची बाजू मी कॅमेरा लावल्यानंतर वकिलांकडून समजून घेतली; ती आधी समजून घ्यायला हवी होती. आपल्या दुकानात, मालाच्या जागेवर कॅमेरा लावायला सरसकट बंदी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, नुकसानीपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी मालकाला नोकराची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आहे, आणि नोकरी धरली म्हणून माणूस तो हक्क उंबऱ्याबाहेर ठेवून येत नाही. कपडे बदलण्याची जागा, स्वच्छतागृह अशा ठिकाणी स्त्रीचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा असून पहिल्याच दोषसिद्धीला किमान एक आणि कमाल तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. आमच्या दुकानातल्या दोन मुली पोटमाळ्यावर ओढणी आणि पर्स ठेवतात, जेवणही तिथेच करतात. घड्याळ तिथे लावण्याचा विचार माझ्या मनात पहिल्या दिवशी आला होता, हे लिहिताना मला लाज वाटते.

पुराव्याचे म्हणाल तर, नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास भारतीय न्याय संहितेच्याच कलम ३०६ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, मात्र न्यायालयात क्लिप द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. वकिलांनी माझी क्लिप पाहून पहिला प्रश्न तारखेचा विचारला. १ जानेवारी, पहाटे दोन वाजता गोदामात ट्यूबलाइटच्या उजेडात गर्दी कशी, याचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते उत्तर चित्रणात नव्हते.

त्यांनीच मला स्पेनमधला एक खटला सांगितला. तिथल्या एका सुपरमार्केटच्या व्यवस्थापकाला २००९ साली दरमहा हजारो युरोंची तूट येत होती. त्याने दारांकडे रोखलेले उघडे कॅमेरे लावले आणि कर्मचाऱ्यांना त्यांची कल्पना दिली, पण पैसे घेण्याच्या काउंटरांवर रोखलेले छुपे कॅमेरेही लावले. चित्रण दहा दिवस चालले आणि त्यावरून १४ जणांना कामावरून काढले. त्यांपैकी काही जणी लोपेझ रिबाल्दा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मोठ्या पीठाने १४ विरुद्ध ३ मतांनी तो फिरवला. फिरवताना न्यायालयाने काय पाहिले, ते मला महत्त्वाचे वाटते: संशयाला ठोस कारण होते, कॅमेरे ग्राहकांची ये-जा असलेल्या जागेपुरते होते, मुदत थोडी होती आणि चित्रण मोजक्या लोकांनीच पाहिले होते. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही. तरीही या चार कसोट्या लावल्या तर माझा कॅमेरा पहिल्याच कसोटीवर अडखळतो, कारण मोजणीच चुकलेली होती.

आणि चोरीला आळा घालण्याचा प्रश्न उरतोच, ज्यासाठी हे सगळे केले. जो कॅमेरा आहे हेच कोणाला ठाऊक नाही, तो कोणाला थांबवणार? त्या शनिवारी त्या मुलाने दाराकडे पाहिले ते कोणी येत आहे का हे पाहण्यासाठी. समोर डोळ्यांना दिसणारा कॅमेरा असता तर त्याने बंडल उचललेच नसते, अशी माझी खात्री आहे, आणि मग मला कोणालाही बोलावून क्लिप दाखवावी लागली नसती.

डिसेंबरात आम्ही चार उघडे कॅमेरे आणि रेकॉर्डर बसवला. एकूण खर्च १६,००० रुपये आला. दोन कॅमेरे गोदामाच्या दारावर सहा फुटांवर, एक काउंटरवर, एक रस्त्याकडे. आवाज बंद. पोटमाळ्यावर एकही नाही. दाराशी मराठीत फलक आहे, आणि चित्रण १५ दिवसांनी पुसले जाते हे त्यावर लिहिले आहे. चित्रण पाहायचे झाल्यास मी आणि काका दोघांनी मिळून पाहायचे, असे ठरले आहे. घेताना मी एक गोष्ट तपासली, ती आपणही तपासा: ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेल्या सुरक्षा अटी पाळणे बंधनकारक झाले आहे, तेव्हा दुकानदाराकडे त्या चाचणीचे प्रमाणपत्र मागा. घड्याळाच्या खोक्यावर अशा चाचणीचा उल्लेख नव्हता, आणि त्याचे मोबाइल ॲप वापरण्याआधी माझ्या फोनमधले संपर्क आणि माझे ठिकाण मागत होते. मी ते ॲप काढून टाकले.

कॅमेऱ्यांबरोबरच गोदामाची पद्धत बदलली. बाहेरच्या कोणालाही आत प्रवेश नाही, माल दारात मोजून द्यायचा आणि चलनावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही घ्यायची. मार्चच्या मोजणीत वायरचे एकही बंडल कमी भरले नाही आणि एमसीबींत दोनचा फरक आला. यातले श्रेय कॅमेऱ्यांचे किती आणि दोन सह्यांचे किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही, परंतु सह्यांना एक रुपयाही लागला नाही.

घड्याळ परत करण्याची सात दिवसांची मुदत उलटून गेली होती. ज्यांच्याकडे तूट दोनदा मोजून पक्की झाली आहे, संशयाची जागा एका फळीपुरती ठरली आहे आणि उघडा कॅमेरा लावूनही माल जातच आहे, त्यांनी वकिलाला विचारून, थोड्या दिवसांपुरता आणि आवाज बंद ठेवून असा कॅमेरा वापरावा; तेव्हाही घड्याळाऐवजी डोळ्यांच्या उंचीवर बसणारी, वीज गेली तरी तारीख न विसरणारी वस्तू घ्यावी. या घड्याळाला मी पाचपैकी एक गुण देतो, तोही भिंग चांगले लपवल्याबद्दल. त्यातले मूळ कार्ड पुन्हा वापरू नका असे वकिलांनी सांगितले आहे, म्हणून ते पाकिटात घालून, वर खरी तारीख लिहून तिजोरीत ठेवले आहे.