व्हीगन मैत्रिणीसाठी शाल: सुती धागा की ॲक्रिलिक?

मैत्रीण व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच न वापरणारी, म्हणून लोकर आणि रेशीम बाद, इथपर्यंत तुमचं ठरलेलंच असणार. तरी घरातलं कुणीतरी म्हणतंच, कातरल्यानं मेंढी मरते थोडीच! माझ्या मैत्रिणीचं त्यावर उत्तर एवढंच: "मरत नाही, पण केस तिचेच ना?" मेरिनो जातीच्या लोकरीत तर मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापण्याचा प्रकारही आहे. न्यूझीलंडनं तो २०१८ मध्ये बंद केला, ऑस्ट्रेलियात अजून चालतो. रेशमाचं आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बीड-जालन्याकडं रेशीमकिड्यांसाठी तुती बरीच पसरलीय, आणि कोषातला किडा वाफेनं नाहीतर गरम हवेनं मारल्याशिवाय अखंड धागा निघत नाही हे तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पतंग बाहेर पडू देऊन काढलेलं 'अहिंसा रेशीम' मिळतं म्हणा, पण भेट द्यायची आणि वर खुलासे करत बसायचं, कशाला?

बांबूच्या धाग्याचं आधी उरकते. लगदा रसायनात विरघळवून केलेला हा व्हिस्कोस, प्राण्याचं त्यात काही नाही, आणि अंगावर पडतो मोठा झुळझुळीत. पण ओला झाला की कमजोर होतो, दोरीवर वाळत घातली की शाल लांबतच जाते. आमच्या परभणीत हव्या त्या रंगात मिळेल याचीही खात्री नाही, आणि बोटानं चाचपल्याशिवाय धागा घेणं मला जमत नाही.

आता खरी लढत. ॲक्रिलिकच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. स्वस्त, रंग म्हणाल तो, आणि हलकं. ॲक्रिलिकची घनता १.१७ आणि कापसाची दीडच्या आसपास, त्यामुळं तेवढीच जाड सुती शाल खांद्याला जाणवते. इथं थंडी थोडे दिवस असते, पण कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी एखाद्या वर्षी येतेच. तशा पहाटे ॲक्रिलिकची ऊब जास्त, हे मान्य.

पण ही शाल क्रोशाच्या सुईनं विणायची कधी? निवांत वेळ मिळतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. पारा चाळिशीपार, दुपारची लाईट गेलेली, पंखा बंद. धागा डाव्या तर्जनीवरून सरकतो ना, नेमका तिथंच घाम. ॲक्रिलिक घाम पीत नाही. ते बोटाला धरून बसतं, सुईवर कचकचत येतं, आणि आपण नकळत जोर लावून ओढतो. सकाळच्या ओळी सैल, दुपारच्या आवळलेल्या. खांब (क्रोशाचे उभे टाके) बुटके पडतात, काठ आत ओढला जातो. टाका गळला असेल म्हणून मोजायला बसावं, तर टाके बरोबर! मग उसवा. पावडर लावून पाहिली, तर गडद निळ्या धाग्यावर पांढुरकी कळा आली. बरं, शेवटी इस्त्रीनं काठ सरळ करावा म्हटलं तर ॲक्रिलिक उष्णतेनं लुळं पडतं ते कायमचं. नंतर पर्सचा पट्टा घासतो तिथं गोळे येतात ते वेगळंच, आणि धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात, यावर व्हीगन मंडळी विचारणारच. पण माझं मन उडालं ते त्या घामट बोटामुळं.

सुती धाग्यानं हा छळ केला नाही. विशेषतः मर्सराइज्ड सूत भर दुपारीही बोटावरून सरळ उतरतं. त्याची चकाकी पाहून रेशीम मिसळलंय की काय अशी शंका येते, पण ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धागा ताणून काढल्यामुळं येते. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की काठ रेघेत. दोष आहेतच: सूत ताणलं जात नाही म्हणून मनगट दुखतं, आणि पीळ सैल असेल तर सुईचं टोक पदरांच्या मधून घुसतं. दुकानातच टोक उलगडून बघा, पदर लगेच पिंजले तर दुसरा घ्या. मुके खांब (बुटके, दाट टाके) घालणार असाल तर शाल पुठ्ठ्यासारखी ताठ होते. सुई एक नंबर मोठी घ्या आणि जाळीची वीण धरा, वजनही आटोक्यात राहतं.

'मिल्क कॉटन' दिसलं तर मात्र थांबा. काही धाग्यांत खरोखर दुधातल्या केसीन या प्रथिनापासून केलेला तंतू असतो, काहींत नुसतं नाव. लेबलवर घटक लिहिलेले नसतील तर परत ठेवा. नैसर्गिक रंगातला लाल धागाही विचारून घ्या, लाखेचा रंग किड्यापासूनच येतो. शिंपल्याची बटणं, मोती, चामड्याचा टॅग हे शेवटच्या घाईत हमखास चुकून लावले जातात. लाकडी किंवा नारळाच्या करवंटीचं बटण शोभून दिसतं.

टोपी किंवा बाळाचं ब्लँकेट असेल तर ॲक्रिलिकला माझी फारशी हरकत नाही. फक्त नोव्हेंबरात विणायला घ्या.